उकडलेलं अंडं

वर्गात आला की तो खिशातून उकडलेलं अंडं काढायचा, टेबलाच्या कडेवर टकटक आपटायचा आणि सोलत विचारायचा, "उकडलं का पुन्हा कच्चं होते काय?" पोरं एका सुरात "नाई सर!" म्हणायची. मग गडी ते अंडं गट्टम करायचा. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा मुख्य आणि मी त्याच्या हाताखाली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका अंड्यावर अख्खी नोकरी काढतात.

म्हणायचा, "सापाचं विष म्हंजे प्रथिन. प्रथिनाचा आकार मोडला का काम खलास. अन् आकार मोडते कशानं? आचेनं!" एकदा त्यानं घोणशीचं विष उकळून बेडकाला टोचलं. बेडूक जगला. झालं! त्या दिवसापासून नागाचंही तसंच, असं तो छातीठोकपणे सांगू लागला.

अहो, आकारावर काम ठरतं हे खरंच. पण सगळे आकार सारखे असतात का? घोणशीच्या विषात मोठाली, सैल प्रथिनं फार. ती आचेनं विस्कटतात. नागाच्या विषातलं, नसा लुळ्या करणारं प्रथिन मात्र एवढंसं, आणि गंधकाच्या गाठींनी घट्ट बांधलेलं. थोडंफार उकळून ते ढिम्म हलत नाही. मी नागाचं विष उकळून त्याच्यासमोर बेडकाला टोचलं. बेडूक लुळा पडला आणि मेला.

"बेडूकच रोगट होता," तो म्हणाला.

"दुसरा घेऊ, सर?"

"कावून? दुसरा कशाले? तुमाले माह्यावर शंका आहे काय?"

वर पोरांना सांगू लागला, "गावात कोनाले साप चावला तर घाबरू नका. चावल्या जागी कढत पानी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझ्या तासाला पोरांना बजावलं की आधी दवाखाना गाठा. पण मुख्य तो होता, आणि अंडंही त्याच्याचकडे होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर धारणीकडचा एक विद्यार्थी उशिरा आला. दोन्ही हातांना पट्ट्या. त्याचा तास चालू होता, मीही मागं बसलो होतो. पोरगा भर वर्गात उभा राहिला.

"सर, माह्या मायले नाग चावला. जीप दारात उभी होती. मीच म्हनलं, आधी पानी तापवा."

त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"तिचा हात पान्यात धरून ठेवला, सर. ती वरडत होती, मी सोडला नाई. मंग तिच्या पापन्या मिटाले लागल्या. मले वाटलं, आराम पडून राहिला. ती मंग उठलीच नाई."

अंडं हातात तसंच धरून तो पोराकडे बघत राहिला. क्षणभर मला वाटलं, आता तरी हा माणूस माणसासारखं काही बोलेल. बोलला.

"पानी पुरतं उकळलं नसंल."

पोरगा पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत खाली बसला. मला तेव्हा त्या माणसाची जी किळस आली, ती आजही गेलेली नाही.

पुढच्या वर्षी तो अकोल्याच्या कॉलेजात गेला, तोही बढतीवर. नंतर तिथला एक प्राध्यापक मला भेटला आणि तोंड भरून कौतुक करू लागला. "लय सोपं करून सांगतेत हो सर!"

मी विचारलं, "नागाचं विष उकळून पाहिलं का तिथं कोणी?"

"कावून?" तो म्हणाला. "अंडं दाखवतेत ना."