जेठांचा गार्डडबा

आमच्या जेठांसारखा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांसारखा, माणूस अख्ख्या चाळीसगावात दुसरा नव्हता. माणसाचा जीव काळजात असतो म्हणतात, ह्यांचा यार्डातल्या एका गंजक्या डब्यात होता. मालगाडीवर गार्ड होते ते. तेव्हा गाडीच्या शेवटी गार्डाचा लहानसा डबा असायचा, बाहेरून पत्र्याचा, आतून लाकडी फळ्यांच्या भिंतींचा. आत एक बाकडं आणि हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक. ना दिवा, ना पंखा. सारी नोकरी त्यात हिंदकळत गेली. पुढं तसले डबे बंद झाले, जेठ रिटायर झाले, आणि त्यांचा डबा आमच्या घरामागच्या यार्डात मोडक्या रुळावर उभा राहिला. जेठ रोज आंघोळ करून ड्युटीवर निघाल्यासारखे तिकडं जायचे. चाकाला तेल द्यायचे, बाकड्यावर बसून भाकर खायचे. पावसाळ्यात घर गळायचं, पण ताडपत्री डब्यावर.

घरातही चहाचा गिलास दोन्ही हातांनी धरायचे, कुठून धक्का बसेल सांगता येत नाही म्हणून. लग्नाची वरात असो की मयत, हे सगळ्यात मागं. सगळ्यांच्या मागं का, म्हणून कोणी हसलं तर म्हणायचे, "बठ्ठासना मांगे एक मानूस पाहिजेच. कोनी राही गयं त्ये कोन देखी?"

माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. तो लवकर गेला, मग जेठाणीही गेली. आमच्यात भावजय जेठाशी बोलत नाही, तोंडही दाखवत नाही. म्हणून जेठ ओसरीतल्या खांबाशी बोलायचे. "खांबा, आज भाजीमा मीठ कमी शे." मी आतून ताटलीवर वाटी वाजवायची. एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. माझी पोर लग्न होऊन पिंप्राळ्याला गेली, तेव्हा घरात आम्ही दोघं आणि खांब.

एक राग मात्र मी पोटात ठेवला होता. नवऱ्याच्या मयतीला जेठ आले नाहीत. ड्युटीवर होते म्हणे. राख सावडायला आले, तेही गार्डाच्या कपड्यात. सख्ख्या भावापरीस ह्यांना गाडी मोठी, असं मी धरून चालले. ताटली वाजवून हे विचारता येत नव्हतं.

मग एक दिवस जेठांनी खांबाला सांगितलं, की रेल्वेचे साहेब सोमवारी डबा पाहायला येणार. एक जुना डबा टेशनासमोर कायमचा मांडणार आहेत, बाकीचे भंगारात. त्या दिवशी दुपारीच जेठ दोनदा जेवले.

पाहुणे येणार म्हटल्यावर बाईमाणूस काय करणार? रविवारी जेठ बाजारला गेले तसा मी पदर खोचला. डब्याच्या भिंती पेन्सिलीच्या लिखाणानं नुसत्या बरबटल्या होत्या. मला अक्षर येत नाही. मला तो मळ दिसला. सोडा टाकून, चुलीच्या राखेनं सगळ्या फळ्या घासल्या. बाकड्याच्या वर एका जागी फार दाबून लिहिलेलं होतं, ते निघेना. तिथं विटेचा तुकडा घेतला.

सोमवारी साहेब आले. कोऱ्या फळीवरून हात फिरवला आणि जेठांना म्हणाले, नाना, गार्ड लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं पाहायला तर मी आलो होतो, हे कोणी पुसलं? मी घराच्या मागच्या दाराआड.

जेठ म्हणाले, "सायेब, भिंती मीच धुई टाक्यात."

टेशनासमोर दुसऱ्या यार्डातला डबा गेला. आमचा गॅसनं कापला. जेठ रुळाजवळ उभे राहून पाहत होते. शेवटचा पत्रा ट्रकवर चढला तेव्हा हिरवी झेंडी दाखवली आणि घरी येऊन खांबाला म्हणाले, चहा.

रागावले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षं मी ते ओझं वागवलं. ते ओसरीतल्या खाटेला खिळले तेव्हा एका सकाळी मी पेज घेऊन गेले आणि पदराआडून पहिल्यांदा बोलले, "नाना, भिंती मी धुतल्या होत्या."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "राखना वास लपस का?"

मी विचारलं, बाकड्याच्या वर काय लिहिलं होतं. मग खांबाकडं पाहून, पुस्तकात वाचावं तसं म्हणाले, "धाकला गेला. गाडी सोडता येत नाही."

बातमी कळली तेव्हा गाडी रानात उभी होती. गार्डानं गाडी टाकून जायचं नसतं. सांगायला माणूस नव्हतं, म्हणून फळीला सांगितलं.

नाना गेले, त्यांच्या मयतीला गाव लोटलं. आमच्यात बाया मसणात जात नाहीत, मी दारातूनच पाहिलं. सगळे पुढं पुढं चालले होते. सगळ्यात मागं कोणीच नव्हतं. मग मी पदर सावरला आणि वळणापर्यंत त्यांच्या मागं गेले.