नऊ पाट्यांची गाडी

मिस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला होता. "मागे रोजचं वजन किती असणार?"

मी खिशातून घडी केलेला कागद काढला. ऑफिसात बसून यादी केली होती: पाण्याची टाकी, डिझेलचे दोन कॅन, जास्तीचं चाक, दुसरी बॅटरी, तंबू, शेगडी, शिधा, चौघांच्या बॅगा, छतावरचा कॅरिअर. प्रत्येकासमोर किलो लिहिले होते. खाली बेरीज होती साडेपाचशे.

मिस्त्रींनी कागद चष्म्याजवळ नेला. "चौघांना पंधरा दिवसांसाठी शिधा चाळीस किलो? तिकडे हॉटेलं बंद पडलीत का?"

"कमी पडायला नको," मी म्हणालो.

तेव्हा मी हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला होतो. पगार इतका मोठा होता की पहिल्या महिन्यात आकडा आईला सांगायची मला लाज वाटली होती. ऑफिसातल्या आम्ही चौघांनी लडाखला गाडीने जायचं ठरवलं आणि गाडी माझी न्यायची असं ठरलं. मी जुनी डिझेल जीप घेतली होती. सामान भरून पाहिलं तर मागची बाजू खाली बसली आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागले. म्हणून मी नाना पेठेत मिस्त्रींकडे आलो होतो. जीपच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं त्या पाट्यांवर असतं. माझ्या गाडीला एका बाजूला सात होते.

मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत दोरी धरली, दोरीला त्या उंचीवर गाठ मारली आणि तीन पर्याय सांगितले. आहेत त्याच सातांत एक पाटा घालायचा. किंवा वर एक मदतीचा पाटा बसवायचा, तो गाडी रिकामी असताना नुसता बसून राहतो आणि वजन आलं की टेकतो. किंवा पूर्ण नवा संच घ्यायचा, नऊ पाट्यांचा, जाड, मालवाहू गाडीला घालतात तसा.

"तुम्हाला मदतीचा पुरे," ते म्हणाले.

"नऊचाच घाला."

"अहो साहेब, हे वजन वर्षातून एकदाचं आहे. मी रोजचं विचारतोय. पाटे कमी पडले तर गाडी बसते. जास्त झाले तर आतला माणूस उडतो."

मी नऊचाच घ्यायचं ठरवलं. मी ज्या घरातून आलो तिथे कोणीही प्रवासाला निघालं की लागेल त्याच्या दुप्पट बांधून द्यायची पद्धत होती. कॉलेजला पहिल्यांदा पुण्याला आलो तेव्हा माझ्याबरोबर तुरीच्या डाळीचं आख्खं पोतं होतं. हॉस्टेलला स्वयंपाक करता येत नाही हे आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं. ते पोतं वर्षभर माझ्या कॉटखाली होतं. कमी पडेल ही भीती मला ठाऊक होती, जास्त होईल ही भीती शिकवलेलीच नव्हती. जुने सात-सात पाटे मिस्त्रींकडे मोडीत टाकून मी घरी आलो.

घर नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा. आई चार वर्षांपासून माझ्याबरोबर राहत होती. घरात मी तिला माय म्हणायचो, ऑफिसात बोलताना आई. त्याआधी ती आमच्या गावच्या शाळेत पाणी भरायची आणि वर्ग झाडायची. वडील मी चौथीत असताना गेले. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची, तिला वाचता यायचं नाही तरी. त्या किल्लीमुळे मी शिकलो, असं मी आजही मानतो.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. नव्या पाट्यांनी गाडीचा मागचा भाग इतका उचलला गेला होता की ती त्यांच्या खिडकीत डोकावायला लागली. दुसऱ्या दिवशी वायपरखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: "येथून हिमालय दिसत नाही. कृपया गाडी पुढे घ्यावी."

पुढच्या आठवड्यात आईची पाठ धरली. आधी आम्ही तेल लावलं. मग एक डॉक्टर, मग दुसरे, मग मोठं हॉस्पिटल. मणक्यात रोग होता आणि तो मणक्यात सुरू झालेला नव्हता, दुसरीकडून आलेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, मुद्दे एक दोन तीन करून. अजूनही ते पान आहे. अक्षर चांगलं आहे.

लडाख रद्द झालं. मी कॅरिअर उतरवला, तंबू परत केला, कॅन रिकामे केले. त्या दिवसांत मला कसं वाटत होतं असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. मी वेळेवर जेवत होतो.

आईने एकच मागणं केलं. "मले घरी ने."

डॉक्टर म्हणाले, न्या, पण झोपवून न्या आणि धक्का बसू देऊ नका. गाव साडेसहाशे किलोमीटरवर, वर्ध्याच्या पलीकडे. हॉस्पिटलमधून घरी आणताना आम्ही ॲम्ब्युलन्स केली होती. लक्ष्मी रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला आईने पदर तोंडात धरला होता. ती ओरडली नाही. घरी आल्यावर पदराला भोकं पडलेली दिसली.

"त्या गाडीत नको," ती म्हणाली. "त्या गाडीत मेलेल्याले नेतेत. तुयी गाडी हाय ना?"

माझी गाडी होती. नऊ पाट्यांची, आणि मागे रिकामी.

मी मागची सीट काढून तिथे फळी आणि फोमची गादी टाकली आणि गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. काय झालं ते सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "मागे झोपा."

"मी?"

"मग मी झोपू? किल्ली द्या."

मी गादीवर उताणा झोपलो. ते नाना पेठेतून रास्ता पेठेपर्यंत गेले आणि परत आले, सावकाश. रस्त्यातल्या गटाराच्या खचलेल्या झाकणापाशी माझे दात एकमेकांवर आपटले. एका गतिरोधकाला मी गादीवरून वर उचलला गेलो आणि खाली आलो. माझी पाठ धडधाकट होती. मी आईच्या पाठीचा विचार केला आणि मग तो करायचं थांबवलं.

"दोन-दोन पाटे काढून टाका," परत आल्यावर मी म्हणालो.

"काढू शकतो. पण उरलेले सातही जाडच आहेत. जुने होते ते तुम्ही मोडीत दिलेत, ते गेले भट्टीत." त्यांनी दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे तुटक्या पाट्यांचा ढीग होता. "हे लोखंड उचलू लागा."

आम्ही दोघांनी ते जुनं लोखंड फळीच्या खाली आणि बाजूंना रचलं. मागची बाजू हळूहळू खाली आली. मिस्त्रींनी दोरी लावली, गाठ मडगार्डला टेकेपर्यंत आणखी दोन तुकडे ठेवायला लावले. "झोपा."

तोच रस्ता, तेच झाकण. या वेळी गाडी झाकणावरून गेली तेव्हा ती थोडी खाली गेली आणि थोडी वर आली, बैलगाडी ओल्या मातीतून जाते तशी. गतिरोधकाला माझे दात आपटले नाहीत.

हे सूत्र मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिलं होतं. स्प्रिंग तीच ठेवून वजन वाढवलं तर हेलकावा संथ होतो. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"तीनशे किलो भरा," मिस्त्री म्हणाले. "लोखंड नेऊ नका, घसरलं तर पाय कापेल. वाळूची पोती भरा."

"आईचं वजन त्यात धरायचं का?"

"किती आहे?"

"चौतीस."

"नाही धरलं तरी चालेल," ते म्हणाले. ते पाट्यांबद्दल बोलत होते.

घरी आईजवळ माझी बहीण होती, गावाहून आलेली. मी दोघींना वाळूचं सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "रेती? घरी जातानी रेती नेतेत का रे कोणी?"

"वजन पाहिजे, माय. नाहीतर गाडी उडते."

"मंग तुये पुस्तकं ने ना."

माझी पुस्तकं पलंगाखाली दोन पत्र्याच्या पेट्यांत होती. बहुतेक बुधवार पेठेत जुनी घेतलेली, आतल्या पानावर माझ्याआधीच्या तीन-तीन मुलांची नावं खोडलेली. नोकरी लागल्यावर मी ती रद्दीत देणार होतो. आईने देऊ दिली नव्हती.

"शाळेत दे," ती म्हणाली. "कपाट रिकामंच हाय. किल्ली तिथंच टांगली असन."

"माय, ही इंजिनीअरिंगची आहेत. तिथल्या मुलांना काय कळणार?"

"तुले तरी कुठं कळत होतं आधी?"

बहीण हसली. आई हसली नाही, हसल्याने पाठ दुखायची. पण तिचा चेहरा मी पाहिला.

पेट्यांचं वजन पुरलं नाही. मी टाकी पाण्याने भरली, तरी कमी पडलं. काका दाराशी उभे राहून पाहत होते. आत गेले आणि सुतळीने बांधलेला दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन आले. मग दुसरा. एकूण अकरा गठ्ठे झाले.

"अहो काका, इतके जपलेले अंक..."

"जपलेले नाहीत, साठलेले आहेत. वाचण्यासारखे फार नाहीत, पण जड आहेत. न्या." शेवटचा गठ्ठा त्यांनी मला हात लावू न देता स्वतः रचला. सकाळी आईला गाडीत झोपवल्यावर ते खिडकीतून तिच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, सावकाश जा."

उजाडताच निघालो. मिस्त्रींनी मोजायला दिलेली गाठीची दोरी माझ्या खिशात होती. आई पुस्तकांच्या वर, फळीवर, गादीवर. बहीण तिच्या डोक्याशी. मी पहिले दहा किलोमीटर आरशातच जास्त पाहत होतो. आई छताकडे बघत होती. पदर तिच्या तोंडात नव्हता, पोटावर होता.

नगरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. खडीवरून जावं लागलं. मी जवळजवळ थांबवूनच गाडी चालवली. बहीण म्हणाली, "झोपली रे." मी विश्वास न बसून गाडी बाजूला घेतली आणि मागे जाऊन पाहिलं. ती झोपली होती. श्वास चालू होता. मी पुन्हा येऊन बसलो. आनंद व्हायला हवा होता. मी मीटरवर काटा कुठे आहे ते पाहिलं.

वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोहोचलो. शाळेवरून जाताना आई म्हणाली, "थांब, आधी पुस्तकं दे." मी म्हटलं, आधी घरी. घरापर्यंत तीनशे पावलं वाईट रस्ता होता आणि मला वजन त्याच्याआधी उतरवायचं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही.

पुस्तकं आणि अंक दुसऱ्या दिवशी शाळेत दिले. हेडमास्तर पानं चाळून म्हणाले, यातलं आमच्या मुलांना काही कळणार नाही. मग त्यांनी ती कपाटात लावली, जाड खाली आणि पातळ वर. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने विचारलं, "कुलूप लावलं ना?"

आई तिच्या घरात एकोणीस दिवस होती. शेवटचे चार दिवस बोलली नाही. वेदना कमी होती असं बहीण म्हणते. मीही तसंच धरून चालतो.

तेरावं झाल्यावर मी निघालो, रजा संपली होती. एरवी आमच्या गावातून माझी गाडी रिकामी निघाली नसती. डाळ, ज्वारी, संत्र्यांची पेटी, शेजारच्या चार घरांतून चार पिशव्या. नको म्हटलं तरी लोक मागचं दार उघडून आत ठेवतात. पण मयत झालेल्या घरून निघणाऱ्याच्या हातात आमच्याकडे काही देत नाहीत. त्याने येतो म्हणायचं नसतं आणि कोणी ये म्हणत नाही. बहीण दारात उभी होती, हात रिकामे. मी काही न बोलता गाडी सुरू केली.

साडेसहाशे किलोमीटर गाडी उडत आली. टाकीही रिकामी होती. वाटेत ती भरता आली असती, नळ दोनदा दिसला. मी भरली नाही. मागची फळी प्रत्येक खड्ड्याला आपटत होती आणि मी ती बांधायलाही थांबलो नाही. पुण्यात शिरलो तेव्हा पाठ अवघडून गेली होती आणि ते बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं.

पुढच्या रविवारी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी विचारलं, "पोहोचल्या नीट?"

"हो. वाटेत झोपली होती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि?" मी मागच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"आता मागे रोजचं वजन किती?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. डबा असतो, छत्री असते."

"डबा असतो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि गाडीखाली शिरले. मी बाकावर बसलो. आतून बोल्ट सैल होताना किरकिरण्याचा आवाज येत होता. मी दोरी खिशातून काढून त्यांना परत दिली. त्यांनी बाहेर येऊन न बघता ती हातात घेतली आणि पुन्हा चाकापासून मडगार्डला लावली. गाठ मडगार्डच्या फार खाली राहिली होती.