सुमनचा निवाडा

सुमन कांबळे दुकानात आलेल्या माणसाला आधी किंमत सांगत नसे, आणि कंपनीचं नावही सांगत नसे. टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी मांडलेले असत. दोन्हींचे पडदे सारखे, मेमरी सारखी, बाहेरचे पत्र्याचे डबेसुद्धा सारखे. फरक फक्त आतल्या प्रोसेसरचा. एकात जाहिरातींतून घरोघरी पोचलेल्या कंपनीचा, दुसऱ्यात तिच्याशी टक्कर घेणाऱ्या, आमच्याकडं फारशी माहीत नसलेल्या कंपनीचा. कुठल्या डब्यात कुठला, हे तिलाच ठाऊक. वेळ बघायला मनगटावरचं घड्याळ काढून ती टेबलावर ठेवी आणि म्हणे, “तुमचं रोजचं काम दोन्हींवर करून बघा. कागदावरचे आकडे ऱ्हाऊ द्या. हातानं बघा.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत सुमननं आणि मी मिळून संगणक जोडून विकायचं दुकान टाकलं. तंत्रनिकेतनात आम्ही एका वर्गात होतो. ती कागलकडची; वडील एमआयडीसीत एका कारखान्यात मजूर. वर्गात मुली चारच होत्या, आणि सोल्डरिंगचा हात तिच्याइतका स्वच्छ कुणाचाच नव्हता. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी करतो’ असं म्हणतात. सुमनही तसंच बोलायची, आणि मोठ्यानं बोलायची. फोनवर बोलली तर समोरच्या सायकलवाल्याला आमचा सगळा व्यवहार कळे.

एकदा एक वकील आले. त्यांना जाहिरातीतलाच प्रोसेसर हवा होता. सुमननं त्यांना दोन्ही यंत्रांपुढं बसवलं. त्यांनी दोन्हींवर एकेक मराठी दावा टाइप केला, छापून बघितला आणि डावीकडच्या यंत्रावर हात ठेवून म्हणाले, “हाच तो. ह्याची चाल बघा की!” तो दुसऱ्या कंपनीचा होता. सुमन हसली नाही. “साहेब, टायपिंगला दोन्ही सारखेच. तुमच्या बोटांपेक्षा दोन्ही लई पुढं हायत,” एवढंच म्हणाली. वकिलांनी तरीही नावाचाच घेतला, कारण पक्षकार विचारतात म्हणे. तिनं तो तितक्याच निगुतीनं बांधून दिला. त्याच आठवड्यात एका सर्वेक्षण करणाऱ्या इंजिनिअरला मात्र तिनं स्वतःहून नावाचाच महागडा घ्यायला लावला, कारण त्याच्या नकाशांचं काम त्याच्यावर खरंच लवकर उरकत होतं. “चांगला कुठला, ते मला इचारू नका,” ती सगळ्यांना सांगे. “तुमच्या कामाला कुठला पुरतो, ते इचारा.”

दोन हजार एकच्या पावसाळ्यानंतर इचलकरंजीजवळच्या कबनूरहून दिलीप आला. आला म्हणजे भावानं त्याला टेम्पोतून आणला आणि आम्ही दोघांनी उचलून दोन पायऱ्या चढवला. सव्वीस वर्षांचा तगडा माणूस. कापडाचे तागे घेऊन सोलापूर, मुंबई असा ट्रक चालवायचा. अपघातात पाठीचा मणका गेला आणि कमरेखालचं शरीर थांबलं. सोबत त्याची आई होती, मालनकाकी. तीच बोलली. “टायपिंग शिकलाय त्यो घरात बसून. लग्नपत्रिका, अर्ज, काय मिळंल ते करील म्हणतोय. बसून बसून याड लागंल नायतर.”

दिलीपनं दोन्ही यंत्रांवर एकेक पत्रिका टाइप केली. फरक पडला नाही. मग सुमननं विचारलं, “आणि काय करणार? खरं सांगा. रोज काय नुसत्या पत्रिकाच करणार व्हय?”

तो जरा ओशाळला. “गाड्यांचा गेम असतोय म्हणं.”

तिनं दोन्हींवर शर्यतीचा गेम लावून दिला. पहिल्या, जाहिरातीतल्या प्रोसेसरच्या यंत्रावर वळणाला चार गाड्या एकदम आल्या की चित्र अडखळे. दुसऱ्यावर रस्ता पाण्यासारखा वाहत होता. दिलीप त्याच्यावर बसला तो बसलाच. वळण आलं की त्याचे खांदे झुकत. एका गाडीनं आडवं मारलं तेव्हा त्यानं ट्रकवाल्याची एक सणसणीत शिवी हासडली आणि मग आई मागं उभी आहे हे आठवून जीभ चावली. मालनकाकी बाहेर पायरीवर जाऊन बसली. सुमननं टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर चढवलं. “ह्योच घ्या,” ती म्हणाली.

आता माझी गोष्ट. त्याच्या आदल्या आठवड्यात आम्हाला प्रोसेसर पुरवणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला होता. सुमन बाहेर गेली होती, म्हणून मी घेतला. तो म्हणाला, “त्या दुसऱ्या कंपनीची ही नवी चिप फार तापते. तिच्यावर जड पंखा लावा आणि गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. पंखा अडकला तर ती आपोआप थांबत नाही, जळते.” जड पंखे आमच्याकडं नव्हते. मागवायला दहा-बारा दिवस लागले असते. साधा पंखा चालतोय की, असं मी मनाशी म्हटलं आणि सुमनला काही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगितलं नाही, एवढंच. तीच चिप असलेलं दिलीपचं यंत्र मीच जोडलं, साध्या पंख्यानं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिलीपचा जम बसला. गावातल्या एका वाचनालयाची स्मरणिका टाइप करायचं काम त्याला मिळालं, त्याचं पहिलं मोठं काम. ती छापायला जायच्या आठ दिवस आधी यंत्र बंद पडलं. आम्ही दोघं मोटारसायकलवरून कबनूरला गेलो. घराच्या पुढच्या खोलीत दिलीप, मधल्या भिंतीपलीकडं भावाचे चार माग. त्यांची खटखट इतकी, की बोलायला ओरडावं लागे. हवेत सुताची बारीक लव तरंगत होती. सुमननं यंत्राचा पत्रा काढला. पंख्यावर त्या लवेचा जाड थर बसला होता, गोधडीच्या कापसासारखा. पंखा हलत नव्हता. प्रोसेसर जळून तपकिरी पडला होता आणि त्याचा वास पसरला होता.

“आमच्याकडनं काय चुकलं का ताई?” मालनकाकीनं विचारलं.

सुमननं ती चिप काढून हातात घेतली. मग उठून उभी राहिली. “न्हाई काकी. माझं चुकलं. मी दुकानात बघितलं. तुमच्या घरात काय हाय, ते बघितलंच न्हाई.”

मी शेजारी स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या घरचा संगणक कबनूरला नेऊन ठेवला. पण तोवर वाचनालयानं धीर सोडून काम इचलकरंजीच्या एका छापखान्याला दिलं होतं. दिलीप म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ताई. तुम्ही कशाला एवढं करताय?” त्यानंतर वर्षभर त्याच्याकडं मोठं काम कुणी दिलं नाही. सुमननं त्याच्या यंत्रात कमी तापणारा, जाहिरातीतला प्रोसेसर त्याच्या मदरबोर्डसकट बसवला. हवा आत जाते तिथं पातळ कापडाची चौकट लावली. मालनकाकीला मऊ ब्रशनं पंखा झाडायला शिकवलं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी विहारात जाऊन आली, की ती एसटीनं कबनूर गाठायची आणि स्वतः यंत्र उघडून बघायची.

दुकानातली तिची रीत त्या दिवसापासून बदलली. दोन यंत्रांची तुलना ती अजूनही करायला लावी, पण विकण्याआधी घर बघून येई. खिडकी कुठं, वीज किती वेळा जाते, यंत्रावर कोण बसणार, शेजारी काय चालतं. कागलच्या कारखान्यात लोखंडाचा कीस उडतो म्हणून तिनं तिथं यंत्र मधल्या खोलीत ठेवायला लावलं. शिरोळच्या एका सोसायटीत भिंतींना ओल होती, तर टेबल भिंतीपासून हातभर सरकवल्याशिवाय जोडणी करायला तयार होईना. एकेका विक्रीला दोन-दोन दिवस जाऊ लागले.

“असं गावोगाव फिरून दुकान चालत नसतं,” मी एकदा चिडून म्हणालो.

“मग नको चालू दे,” ती म्हणाली. “विज्या, त्या माणसाचं काम गेलं. तुला तिथली आई दिसली न्हाई काय?”

दिसली होती. म्हणूनच मी चिडत होतो. तिच्या प्रत्येक फेरीनं मला माझा तो फोन आठवायचा. आमची भांडणं वाढत गेली, आणि दोन वर्षांनी ती एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दुकान माझ्याकडं राहिलं. पहिल्या रविवारची एसटी तिनं सोडली नाही, असं कानावर येई.

दोन हजार नऊ साली ती दवाखान्यात असल्याचं कळलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मी भेटायला गेलो तर खाटेवर निम्मी उरली होती. आवाज मात्र तसाच. “ये की! एवढ्या वर्सांनी वाट चुकलास व्हय?” इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी तिला तो फोन सांगितला. पुण्याचा व्यापारी काय म्हणाला होता, मी काय केलं, काय केलं नाही, सगळं. सलाइनचा हात तिनं हळूच पोटावर घेतला.

“मला माफ कर,” मी म्हणालो.

“माझ्याकडं कशाला मागतोस?” ती तुटकपणे म्हणाली. “माझं काय गेलतं? ज्याचं गेलं, त्याच्याकडं जा.”

दुसऱ्या दिवशी मी कबनूरला गेलो. माग तसेच चालू होते. दिलीपच्या दाढीत पांढरे केस आले होते. टायपिंगचं काम आता बरं चाललं होतं. मी मायलेकांपुढं बसून सगळं सांगितलं. मालनकाकी संतापली. “ती पोरगी आमच्या दारात येऊन ‘माझं चुकलं’ म्हणली, आन तू बाजूला हुबा हुतास!” मी मान खाली घातली. दिलीप म्हणाला, “आई, जरा थांब.” आणि माझ्याकडं न बघता बोलू लागला.

“मला वाटलं, मीच जाळलं त्ये. स्मरणिकेचं काम असताना मी रोज गेम खेळायचो. दोन-दोन तास. यंत्र गरम व्हायचं, हाताला लागायचं, तरी खेळायचो. ताई ‘माझं चुकलं’ म्हणल्या, तवा वाटलं, मोठ्या मनाची बाई हाय, अपंग माणसाला कशाला बोलायचं म्हणून स्वतःवर घेतलं. तवापासनं मी गेमला हात लावला न्हाई. सात वर्सं झाली.”

पलीकडं माग खटखटत होते. मी त्याला म्हणालो, “तुझ्या खेळण्यानं नाही जळलं. साधा पंखा मी लावला होता.” ते मी तीनदा म्हटलं असेल.

परतताना थेट दवाखान्यात गेलो. सुमनला दिलीपचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती छताकडं बघत होती. डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“सात वर्सं मी पंखा बघत बसलो,” ती म्हणाली. “त्याला एकदा तरी इचारायला पायजे हुतं, गेम कसा चालतोय म्हणून.”

मग तिनं मान वळवली. “आता खेळंल का रं त्यो?”

“ते विचारलं नाही.”

“मग इचारून ये की.”

मी गेलो, पण लगेच नाही. दुकानाची कामं होती. सहा दिवस गेले. सातव्या दिवशी कबनूरहून विचारून आलो, तर खाटेवर दुसरं कुणी होतं. तिच्या भावानं सांगितलं, सकाळीच गेली.

उत्तर तिच्यासाठी होतं, ते माझ्याकडंच राहिलं. म्हणून इथं लिहितो. दिलीप खेळतो, सुमन. संध्याकाळी काम आवरलं की अर्धा तास खेळतो. चित्र वळणावर थोडं अडखळतं, पण चालतंय म्हणाला.