सुमनताईंचा कोर्स

दर सोमवारी सकाळी सुमनताई आमच्या औषधाच्या दुकानासमोरच्या आपल्या ओट्यावर अर्धा तास उभ्या असत. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बसलं तरी चालतं, असं मी सांगायचो. "बसलं की डुलकी लागती. उभंच बरं!" त्या वेळात कुणी चहा पुढे केला, तर त्याची धडगत नसे.

घोडेगावच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर नर्स म्हणून त्यांनी उभी हयात काढली. क्षयाचे पेशंट बरं वाटलं की औषध सोडत. ताई एसटीनं, नाहीतर पायी जाऊन त्यांना गाठत. "बरं वाटतंय ते गोळीमुळं. कोर्स मधीच सोडायचा न्हाई!" सन दोन हजारच्या सुमारास त्यांचं मनगट मोडलं, पुण्याच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली, आणि ताईंनी तोच कायदा स्वतःला लावला. चिठ्ठी घडीवर फाटली, तरी आठ-नऊ वर्षं मी तिच्यावरच गोळ्या देत राहिलो. नर्सला कोण विचारणार?

पुढे त्या उजवी मांडी, कधीकधी डावीही, चोळत येऊ लागल्या. "भाऊ, आतून ठणकतंय." मी मलम दिलं. वर शहाणपण शिकवलं, "ताई, वय झालं आता."

तीन महिन्यांनी, ओट्याची पायरी उतरताना काडकन आवाज आला आणि ताई खाली बसल्या. ना घसरल्या, ना ठेचकाळल्या. मी समोरून पाहत होतो. मांडीचं हाड खडूसारखं आडवं मोडलं होतं.

पुण्याला त्यांना मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "गोळी चांगलीच आहे. पण फार वर्षं घेतली तर क्वचित असं होतं. मधे तपासून थांबवायचा विचार व्हायला हवा होता. डावी मांडी दुखते का?"

ताईंनी चादर डाव्या मांडीवर ओढून घेतली. आणखी एका ऑपरेशनची त्यांना धास्ती होती.

"दुखते," मीच म्हणालो. "आणि गोळ्या मीच देत होतो, न विचारता."

डाव्या हाडालाही बारीक चीर निघाली. ते मोडायच्या आत डॉक्टरांनी आत सळई घातली. गोळी बंद झाली.

सहा महिन्यांनी काठी टेकत ताई दुकानात आल्या. माझी मान वर होईना. "भाऊ, गोळी घ्या म्हणून सांगाया मी डोंगर तुडवलं. आता बास, हे सांगाया कुणाच्या दारात गेले न्हाई. ते तुमी करा."

तेव्हापासून जुनी चिठ्ठी दिसली की मी माणसाला डॉक्टरकडे परत धाडतो. गिऱ्हाईकं चिडतात.

ताई गेल्या त्या सकाळी आणे गावची एक म्हातारी अशीच चिठ्ठी घेऊन आली होती. मांडी दुखते म्हणाली. तिला समजावून एसटीत बसवेपर्यंत ताईंना स्मशानात नेलं होतं. मला उशीर झाला. त्या एका उशिराबद्दल मात्र ताई मला रागावल्या नसत्या.