दोन हिरव्यांची अकरा जांभळी

टेबलावर अकरा कुंड्या होत्या आणि अकराही जांभळ्या फुलल्या होत्या. प्रत्येक कुंडीतल्या पांढऱ्या लेबलवर मात्र एकाच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आई हिरवी, बाप हिरवा.

"देवधरदा, लेबल चुकलंय एवढी एक ओळ लिहून द्या," ऑर्किड सोसायटीचे सेक्रेटरी मजुमदार म्हणाले. "कमिटीला तेवढं पुरे."

कोलकात्यात एस्प्लनेडजवळच्या सोसायटीच्या खोलीत बानीदी माझ्यासमोरच बसल्या होत्या. कुंड्या त्यांच्या, अक्षरही त्यांचं. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. सोसायटीत वीस वर्षं लेबलांचं काम त्यांच्याकडे होतं. कुणाच्या कुंडीवर नाव अर्धवट दिसलं, की भर प्रदर्शनात त्याला बसवून पुन्हा लिहायला लावायच्या. मजुमदारांनाही एकदा लावलं होतं. ते आता त्याचं उट्टं काढत होते, असं मला वाटलं.

नव्या संकराची नोंदणी होते आणि जो करतो तो त्याला नाव देतो. बानीदींनी धाकट्या बहिणीचं नाव ठरवून ठेवलं होतं. पण आईबाप खरे असल्याशिवाय नोंदणी नाही.

"पुन्हा संकर करून पाहता येईल," मी म्हटलं.

"येईल की," त्या म्हणाल्या. "फुलायला पाच वर्षं लागतात, डॉक्टरबाबू. माझा हिशेब तुम्हीच करा."

आमचं बोलणं बंगालीत चालतं, इथे मराठीत देतोय. मी डॉक्टर आहे तो वनस्पतिशास्त्राचा; एका सरकारी खात्यात वनस्पती ओळखण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक कोलकात्यात. 'हे काय आहे?' असं कुणी विचारलं की चट्कन उत्तर द्यायची खोड लागते. बायको म्हणते, माहीत नसलं तरी लागते.

ही स्लिपर ऑर्किडं. फुलाची एक पाकळी मोजडीच्या पुढच्या भागासारखी फुगीर असते, म्हणून हे नाव. एरवी त्यांच्यात जांभळी छटा असतेच. क्वचित एखाद्या रोपात जांभळा रंग तयारच होत नाही, मग फूल नुसतं हिरवं-पांढरं राहतं. प्रत्येक रोपाकडे रंगाच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक जरी धड असली तरी जांभळा येतो. दोन्ही बिघडल्या तरच हिरवा. मग दोन हिरव्यांना सगळी मुलं हिरवीच व्हायला हवीत. पुस्तक असंच सांगतं आणि मीही आयुष्यभर असंच सांगत आलो.

तरी मी भिंग काढलं. आईबापांची शास्त्रीय नावं लांबलचक आहेत. आईला केसाळ म्हणू, कारण तिच्या पाकळ्यांच्या कडेला बारीक केस असतात. बाप टोपीवाला, त्याची वरची पाकळी रुंद, छपरासारखी. अकराही फुलांना कडेला केस होते आणि डोक्यावर छप्पर होतं. म्हणजे बिया लॅबमधल्या बाटल्यांत रुजवताना बाटली बदलली, हा मजुमदारांचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

"मग हिरव्याच्या जागी त्याच जातीचं जांभळं झाड वापरलं असेल," मजुमदार म्हणाले.

शंका रास्त होती. माझीही तीच होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने डमडमला गेलो. बानीदींच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली ओळीने कुंड्या होत्या. जांभळं एकही फूल नव्हतं.

"मला जांभळा रंग आवडत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हिरव्याला हिरवा लावला."

मी केसाळ आणि टोपीवाला, दोन्ही कुंड्या उचलून पानाच्या बुडाशी पाहिलं. फूल नसलं तरी ही एक खूण सापडते. जांभळं होणार असेल तर पानाच्या बुडाशी जांभळे ठिपके असतात. हिरव्याचं बूड स्वच्छ. या दोघांचं स्वच्छ होतं.

मग त्यांनी वही आणली. प्रत्येक शेंगेची नोंद, शाळेच्या हजेरीपटासारखी. केसाळला तिचेच पराग लावले होते, तिची सगळी रोपं स्वच्छ बुडाची. टोपीवाल्याचीही तशीच. दोघं स्वतंत्रपणे अस्सल हिरवे, आणि एकत्र आले की सगळी मुलं जांभळी.

मी खुर्चीत टेकलो. बानीदींनी चहा आणला, आणि त्या चहातच मला उत्तर दिसलं. जांभळा रंग एका सूचनेने होत नाही, चहासारखा तो पायऱ्यापायऱ्यांनी होतो. एका घरात पत्ती नाही, दुसऱ्या घरात गॅस नाही. चहा दोन्ही घरांत होत नाही. पण मुलाला एका घरातून गॅस मिळाला, दुसऱ्यातून पत्ती, तर त्याचा चहा झालाच पाहिजे. केसाळचा बिघाड एका पायरीवर, टोपीवाल्याचा दुसरीवर. असं होऊ शकतं हे मी कॉलेजात शिकलो होतो, स्वीट पी नावाच्या वेलीच्या फुलांवर. पेपरात लिहून मार्कही मिळवले होते.

"लेबल बरोबर आहे," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक होतं. कारण ठाऊक नव्हतं."

मी वही पुढे चाळली. या संकराच्या पानावर लिहिलं होतं, रोपं तेवीस.

"तेवीस? मजुमदारांकडे तर अकरा आहेत."

बानीदींनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बंगाली मी अजून सावकाशच वाचतो. 'सगळ्यांच्या बुडाशी जांभळे ठिपके. हिवाळी प्रदर्शनात डॉक्टरबाबूंना दाखवलं. म्हणाले, लेबल चुकलंय, फेकून द्या.'

मला काही आठवेना. प्रदर्शनात माणसं रोपं घेऊन रांग लावतात, एकेकाला दोन मिनिटं मिळतात.

"बारा फेकली," त्या म्हणाल्या. "मग हात चालेना."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला मनापासून लाज वाटली, आणि तसं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, चहा निवतोय.

रिपोर्ट दीड पानी झाला. शेवटी लिहिलं, 'याच रोपांविषयी मी पूर्वी दिलेला सल्ला न तपासता दिलेला आणि चुकीचा होता.' मजुमदारांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ही ओळ कशाला, देवधरदा? कुणी विचारलंय का?"

"राहू द्या. लेबल पूर्ण असावं."

ते हसले, पण ओळ राहिली. नोंदणी झाली, बहिणीच्या नावानेच.

रिपोर्टात मी हेही लिहिलं होतं, की पक्की खात्री हवी असेल तर या जांभळ्या भावंडांचा आपसात संकर करावा. माझं म्हणणं खरं असेल तर पुढच्या पिढीत साधारण नऊ जांभळ्यांमागे सात हिरवी येतील. बानीदींना मी तोंडी हे सांगितलं नव्हतं. पाच वर्षांची गोष्ट, कुठल्या तोंडाने सांगणार?

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "तुमचा रिपोर्ट वाचला. भावंडांची शेंग धरलीय. आणि पाच वर्षं कशाला? बुडाचे ठिपके रोपातच दिसतात ना? नऊला सात मोजायला मी असेन."

आता प्रदर्शनात कुणी रोप पुढे करून विचारलं, की मी आधी अशी किती आहेत ते विचारतो. मग म्हणतो, एकही फेकू नका, फूल येऊ द्या. लोकांना वाटतं, देवधरांना आता पूर्वीसारखं चट्कन ओळखता येत नाही. खरंच आहे ते.