वीणा खाली ठेवायची नसते

ज्याला मांडी घालून बसता येत नाही, त्यानं देवाच्या दारात जावं तरी कशाला? यंदा हरिनाम सप्ताहाच्या आधी मी बायकोजवळ असंच चिडून बोललो. कंपवात जडून मला काही वर्षं झाली. हात थरथरतो, त्याचं एवढं दुःख नव्हतं. पण अलीकडे पायांनी नवीनच खूळ काढलं. दिवस कलला आणि जरा टेकलो, की पोटऱ्यांच्या आत मुंग्या चालल्यासारखं होतं. उठून चाललं की थांबतं, बसलं की पुन्हा सुरू! मेहकरचे डॉक्टर म्हणाले, कंपवाताच्या पुष्कळ रोग्यांना हा त्रास होतो. गोळ्या बदलल्या, थोडा फरक पडला, पण संध्याकाळ तशीच राहिली. आणि हरिपाठ, कीर्तन सगळं नेमकं संध्याकाळीच. मागच्या वर्षी ऐन कीर्तनातून सारखा उठलो, तेव्हा अख्खा मांडव माझ्याकडे वळून पाहू लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणापासून एक सप्ताह न चुकवणारा मी, देवावर रुसलोच.

बायको म्हणाली, "बसवत नाही तं उभे राहा. देव काय हजेरी घेऊन राह्यला?"

तिच्यापुढे माझं काय चालणार! सुलतानपूरला, तिच्या माहेरच्या सप्ताहाला गेलो. हरिपाठ सुरू व्हायचा होता आणि पाय लागले ओढायला. मी मांडवाच्या कडेला येरझारा घालू लागलो. तिथेच वीणेकरी उभा होता. सप्ताहात वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात असते. ती खाली ठेवायची नसते, आणि वीणेकऱ्यानं बसायचं नसतं. पुढचा माणूस आला की एकमेकांच्या पाया पडून वीणा द्यायची. त्या अनोळखी माणसाला वाटलं, पुढच्या पाळीचा मीच. मी तोंड उघडेपर्यंत तो माझ्या पायांशी वाकला आणि वीणा माझ्या गळ्यात!

"भाऊ, मी नाही जी! मले कंपवात हाये, पडन ना हातातून!"

तो हसला. "गळ्यात पट्टा हाये, कशी पडन? अन् हात थरथरला तं तार वाजनच. आता खाली तं ठेवता येत नाही, माउली." असं म्हणून तो पाणी प्यायला निघूनही गेला.

अरे देवा! तेवढ्यात टाळ वाजले, आणि काय सांगू, एरवी कंपवातानं वळताना अडखळणारे माझे पाय टाळाच्या ठेक्यावर पडू लागले! चालायचंच होतं ना त्यांना? मग चाला! इथे बसा म्हणणारं कुणीच नव्हतं. थरथरत्या बोटांनी तार झणझणत होती आणि मी मोठ्यानं नाम घेत होतो, रडत होतो, हसत होतो. वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीतच असते, तशी माणसं येऊन माझ्या पाया पडत होती. ज्या पायांना मी वर्षभर शिव्या घातल्या, त्याच पायांच्या! खरा पाळीवाला धावतपळत आला, तेव्हा वीणा सोडवेना.

दुखणं गेलेलं नाही. आजही दिवस कलला की पाय ओढू लागतात. मी देवाजवळ पाय स्थिर कर म्हणून हट्ट धरून बसलो होतो, त्यानं ते होते तसेच सेवेला लावले. त्याचे उपकार कसे फेडू? आता मागणं काही उरलं नाही. पाय ओढू लागले की मी नाम घेत उठतो. बायको दारातून हसून म्हणते, "जा, पाळी आली तुमची."