दादाचे ब्रेक

पेडल बोटभर खाली गेलं, एवढंच. माळशेज उतरून टोकावड्याला चहाला थांबलो, तेव्हा दादा सहज म्हणाला, "आज ब्रेक मऊ लागतोय." सगळे चहा प्यायले. मी मात्र कप तसाच खाली ठेवला. गाडीवेड्यांच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. बॉनेटवर धूळ बसते तसे ते आपोआप साठतात.

आमच्याकडे वेडे तीन. मुरबाडला स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा माझा दादा, डोळखांबची वहिनी आणि वाशिंदच्या कारखान्यात नोकरीला असलेला दादाचा मित्र पराग. त्या वर्षी दादाने आपल्या सेकंडहँड छोट्या गाडीचं नाव ट्रॅकवरच्या शर्यतीत दिलं होतं. त्यांची चर्चा गाडी पळवण्याची. माझा प्रश्न एकच, ही थांबणार कशी?

* * *

मऊ पेडलचं कारण परागने शोधलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आमच्याकडे चार महिने हवा म्हणजे ओलावाच! घाटात ते तापलं की आतलं पाणी उकळतं आणि पाय वाफेवर पडतो.

"म्हणजे आपण घाटभर वाफेवर आलो?" मी विचारलं.

"घाटभर नाय गो. शेवटची दोन वळणं."

मी त्या दोन वळणांना मनोमन हात जोडले.

दादा म्हणाला, मग डॉट फाइव्ह ऑइल भरू, मोठा नंबर आहे. पराग म्हणाला, ते सिलिकॉनचं, आपल्या गाडीत चालणार नाही. सीलबंद डॉट फोर आणायचं आणि प्रत्येक शर्यतीआधी नवं भरायचं. दादाला पटेना. वहिनी भाकरी थापताथापता म्हणाली, "तुमच्या चपलेचा नंबर पण मोठाच हाय की."

डॉट फोर आलं.

* * *

मग पॅड, चाकातल्या डिस्कला आवळून गाडी थांबवतात ते. परागने कुठूनसे खास शर्यतीचे आणले. ते तापल्याशिवाय चावत नाहीत, हे त्याने सांगितलं होतं. पण सकाळी गार गाडीने आईला बाजारातून आणायला जाताना दादाला ते आठवलं नाही. आई पिशव्या घेऊन उभी. दादा तिच्याकडे बघून हसला आणि तसाच हसत पुढच्या तीन दुकानांपर्यंत गेला.

आई चालत आली, पिशव्या ठेवल्या आणि म्हणाली, "थांबायचं नव्हतं तर हसलास कशाला?"

शेवटी मधले घेतले, बाजारातही थांबतील आणि ट्रॅकवरही टिकतील असे.

* * *

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. जोरात पळवायचं, करकचून दाबायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, असं पुन:पुन्हा. हे काम वहिनीचं. शहापूरच्या रस्त्यावर ती हे करत होती आणि मी शेजारी पट्टा धरून डोळे मिटून. म्हशी घेऊन निघालेल्या एका काकांनी हात दाखवला.

"बाय, गाडी शिकतेस काय?"

"नाय काका, पॅडला शिकवतेय."

काकांनी म्हशी शेतात वळवल्या!

* * *

सरावाच्या दिवशी मीही ट्रॅकवर गेले. सांज होत आली होती. आमची गाडी सरळ रेषेत सुसाट आली, वळणापाशी अंग चोरून बसली, आणि चाकांच्या फटींतून लाल दिसलं. आतली डिस्क पेटल्या निखाऱ्यासारखी फिरत होती. एवढा वेग कुठे जातो, ते मला त्या क्षणी दिसलं. कॉलेजात फिजिक्स शिकूनही कधी दिसलं नव्हतं. भीती वाटायचीसुद्धा राहून गेली.

* * *

त्या एका दिवसात ते पॅड संपत आले. खंडेनवमीला सकाळी शर्यतीसाठी तसेच नवे आणले. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच दादा-वहिनी माळशेजला निघाले. चढाला जुने पॅड पुरतील, वर पठारावर नवे घालू आणि घाट उतरताना बघू, असा बेत.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, काल खंडेनवमीच्या पूजेत पॅडचा खोका होता, त्यावर कुंकू लागलं नाही ना?

"खोक्याला कशाला लावू? उघडून आतलंच पूजलं. विळ्या-कोयत्याला लावलं तसं गोडेतेल चोळलं चांगलं. मग पुसून परत ठेवलं."

पॅडला तेल! आणि खाली अख्खा घाट!

मी फोनकडे धावले. दादाचा मोबाइल कव्हरेजच्या बाहेर. वहिनीचा बाहेर. परत दादाचा. घाईत नंबर चुकला, तो भलत्याच माणसाने उचलला. आई देवापाशी बसली. मी वहिनीचा नंबर पुन्हा फिरवला. रिंग गेली. जात राहिली.

"बोल गो," वहिनी म्हणाली. "आमी पठारावरच हाव. नवे पॅड घातले, दोनदा ब्रेक दाबला नि तुझा दादा खाली उतरला. चाकाला नाक लावून बसलाय, म्हणतो, भजी कोण तळतंय?"